व्याहीबुवा, तुम्हाला वास येत होता

व्याहीबुवा, तुम्हाला वास येत होता. येत होता ना? आता तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा, मला ऐकू यायचं नाही. म्हणून मीच बोलते.

तुम्हाला जाऊन आज बरोबर दोन आठवडे झाले. त्या दिवशीही शनिवारच होता. केतकीने, म्हणजे तुमच्या मुलीने आणि माझ्या सुनेने, आपल्या नातीची, सईची अर्धी कोरी वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "आई, मंडळाच्या अंकात बाबांवर एक पान द्यायचंय. तुम्हीच लिहा. आम्ही ऑफिसात असायचो, दिवसभर घरात तुम्ही दोघंच." मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत. ती म्हणाली, चालेल. चांगलंच लिहा, असं काही ती म्हणाली नाही. म्हणून लिहायला बसले.

तुमच्यावर माझा पहिल्यापासून संशय होता. लग्नात मुलीचे वडील म्हणून तुम्ही मला विहिणीच्या मानाची पैठणी दिलीत. हॉलमध्ये सगळ्यांनी वाहवा केली. मी घरी आले, काठाची जर नखाने खरवडली, तर आतून तांबडा दोरा निघाला. कदाचित दुकानदाराने तुम्हालाही फसवलं असेल. पण तेव्हाच माझ्या डोक्यात बसलं की मान हा असाच असतो. वरून चकाकतो. ज्याची मुलगी आपल्या घरात दिली, तो आपल्याला खूश ठेवणारच. त्यात आपलं काय मोठेपण? ती पैठणी मी पुन्हा नेसले नाही, आणि का नेसत नाही ते तुमच्या देखत दोनदा बोलून दाखवलं. तुम्ही दोन्ही वेळा हसलात. त्या हसण्याचाही मला संशय आला.

मग वहिनी, केतकीची आई, गेल्या, आणि केतकीने तुम्हाला इथे अल ऐनला आणलं. मी आधीपासून होतेच, सईला सांभाळायला. तुमची बॅग उघडली तर तीन जोड कपडे आणि बनियनमध्ये गुंडाळलेले सहा उंच काचेचे ग्लास. पस्तीस वर्षं तुम्ही हॉटेलांत वाइन वाढलीत, आधी मुंबईत, मग दुबईत आणि अबुधाबीत, आणि वाढणाऱ्या पोरांना शिकवलंत, हे मला लग्नातच कळलं होतं. पण निवृत्त झालेला ड्रायव्हर काही घरी येताना बस घेऊन येत नाही. मी सुधीरला म्हटलं, "तुझे सासरे पितात."

"आई, ते पीत नाहीत, चाखतात. आणि इथे घरात चालतं. लीगल आहे. चिल कर."

मी कसली चिल करते! तुम्ही ओट्याखालच्या कपाटात ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागे बाटल्या ठेवायचात. दर सकाळी बाटलीतली दारू जिथपर्यंत असेल तिथे मी कुंकवाची रेघ ओढायला लागले. आठवड्याभरात तुमच्या लक्षात आलं.

"विहीणबाई, बाटलीची पूजा केलीत वाटतं?"

"खूण केलीय. दिवसाला किती उतरते ते बघायला."

"पूजा केलीत तर नैवेद्यही दाखवा. फ्रिजात चीज आहे, दोन तुकडे आणा."

तेव्हाही हसलात.

तुमचं चाखणं मी दारातून बघायची. ग्लासात दोन बोटं लाल वाइन ओतायची, पांढऱ्या पंच्यापुढे तिरकी धरायची. कडेला जांभळी असेल तर तरुण, विटेसारखी झाली तर वय झालेली. मग ग्लास गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे. मग छोटा घोट, तोही गुळणी केल्यासारखा तोंडभर घोळवायचा आणि स्टीलच्या वाडग्यात थुंकायचा. साठ दिरहमची बाटली, म्हणजे चौदाशे रुपये, आणि थुंकायची! वर तुम्ही तोंडाने पुटपुटायचात, काळा प्लम, चामडं, तंबाखू. मी म्हटलं, "तंबाखूच पाहिजे तर कराडहून मागवते, स्वस्त पडेल." त्यात चामडं कुठून येणार? मला वाटायचं, हॉटेलात श्रीमंत माणसांना गंडवायला शिकलेली ही भाषा, ती आता आमच्या घरात चाललीय.

मग त्या थंडीत तुम्हाला ताप आला. ताप उतरल्यावर एका शनिवारी सकाळी तुम्ही ओट्याशी येऊन उभे राहिलात. मी शेंगदाणे भाजत होते. तुम्ही खालच्या आवाजात बोललात.

"विहीणबाई, एक अडचण झालीय. नाक गेलं."

"कुठे गेलं?"

"वास येत नाही. तुमचे शेंगदाणेसुद्धा नाही. आज संध्याकाळी मंडळींकडे दोन बाटल्या न्यायच्यात. काय आहे ते मला सांगता यायचं नाही."

मंडळी म्हणजे तुमचे शनिवारचे लोक. हॉटेलातले जुने सोबती आणि दोन-चार ऑफिसवाले. ते तुमच्याकडून चाखायला शिकायचे. मी त्यांना दारुडे म्हणायची.

"मग नका जाऊ," मी म्हटलं.

"तुम्ही तीस वर्षं लोकांचे मसाले भाजून दिलेत. धणे कधी काढायचे, ते तुम्ही बघून नाही, वासावरून ठरवता. मला फक्त सांगा, यात काय येतंय."

मी सांगितलं, आज शनिवार, माझा उपास. तुम्ही म्हणालात, "पोटात गेलं नाही तर उपास मोडत नाही. उलट बरंच आहे, तोंड कोरं असतं."

मी गॅस बंद केला. कोणाचं अडलं की मला बसवत नाही, ही माझी जुनी खोड. ग्लासात नाक घातलं. आधी नुसती दारू. मी म्हटलं, जळजळतंय. तुम्ही म्हणालात, थांबा, घाई नको. मग हळूहळू वर आलं. भाजलेलं सुकं खोबरं. मागून जांभूळ, पण झाडाखाली पडून फुटलेलं. आणि सगळ्यात शेवटी पाटा. मसाला वाटून झाला की पाट्यावर पाणी ओततो ना, तेव्हा दगडाचा येतो तसा वास. घोट घेतला तर जीभ खरखरीत झाली, कच्ची सुपारी चावल्यासारखी. वाडग्यात थुंकले आणि तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही पेन्सिलीने कागदावर लिहून घेतलंत. मला तो कागद अजून दिसतो. आयुष्यात मी बोलले आणि कोणी लिहून घेतलं, असं त्याआधी झालं नव्हतं. आमचे मालक तर भाजीत मीठ किती, हेसुद्धा मला विचारायचे नाहीत, त्यांच्या आईला विचारायचे.

तेव्हापासून दोन वर्षं दर शनिवारी अकरा वाजता आपलं ठरलेलं. केतकी आणि सुधीर सईला पोहायला घेऊन जायचे. तुम्ही तासभर आधी बाटली उघडून वाइन काचेच्या जगमध्ये ओतून ठेवायचात. जड लाल वाइन कोंडलेली असते, तिला हवा लागली की मोकळी होते, हे तुम्ही सांगितलंत आणि ते खरं निघालं. उन्हाळ्यात मात्र वीस मिनिटं फ्रिजात, कारण इथल्या उकाड्यात ती नुसतीच नाकात चढते. मला इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळे तुम्हाला लेबल झाकावं लागत नसे. तुम्ही ते बरंच म्हणायचात. लेबल वाचणाऱ्याचं नाक लेबलासारखं वागतं, म्हणायचात.

शिराझ, काबेर्ने, माल्बेक अशी द्राक्षांची नावं मी पाठ केली. शिराझला काळी मिरी आणि धूर. काबेर्नेला हिरव्या ढोबळी मिरचीचा देठ. चामडंही मिळालं मला, व्याहीबुवा. कोल्हापुरी चपलेला नवीन असताना तेल लावतात, तसं. त्या दिवशी मी तुम्हाला मनातल्या मनात माफ केलं. बोलले नाही. एकदा एका बाटलीला ओल्या पोत्याचा वास आला. मी म्हटलं ही टाकून द्या. तुम्ही टाळी वाजवलीत. म्हणालात बूच खराब होतं, मोठमोठे लोक अशी बाटली मिटक्या मारत पितात.

मला मजा येत होती, हे मी आता लिहून टाकते. आणि मजा आली की मला संशय येतो.

तुमच्या नाकाचा पहिला संशय दुबईतल्या रास अल खोरच्या घाऊक फळबाजारात आला. मला चेरी, अंजीर, मलबेरी ही फळं ठाऊक नव्हती, म्हणून तुम्ही सुधीरला गाडी काढायला लावून दीड तास लांब घेऊन गेलात. मी प्रत्येक खोक्यात नाक घालत होते. दुकानवाला म्हणाला, "अम्मा, लेना है तो लो, सूंघने का टिकट लगाऊं क्या?" तुम्ही त्याला "यल्ला हबीबी, दो किलो तोल" म्हणालात आणि त्याने अंजिराचं खोकं पुढे सरकवलं. झाकण बंद होतं. तुम्ही म्हणालात, "ये नहीं, ये खट्टा हो गया है." त्याने उघडलं तर खालची अंजिरं आंबलेली. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "खोक्याचा तळ ओला दिसला."

तळ मीही पाहिला होता. कोरडा होता.

मग एकदा मी आत खोबरं भाजत होते आणि तुम्ही मागच्या अंगणात कडुलिंबाखाली पेपर वाचत होता. तिथून ओरडलात, "विहीणबाई, खोबरं लागतंय!" मी धावले. खरंच लागत होतं. धूर अजून निघाला नव्हता. विचारलं तर म्हणालात, अंदाज.

त्या रात्री मी जेवले नाही. तुम्हाला वाटलं ॲसिडिटी. मी वेगळाच विचार करत होते. यांना वास येत असेल, तर दोन वर्षं ही काय चाललीय? मग मी कोणाच्या उपयोगाची नव्हते. मुलीच्या सासूला रिझवायला काढलेला हा खेळ. म्हातारी रिकामी बसते, कुरकुर करते, तर हिला एक काम द्या, हिचं बोलणं कागदावर घ्या. म्हणजे पुन्हा तीच पैठणी. वरून जर, आत तांबडा दोरा.

म्हणून मी परीक्षा घेतली. सुक्या बोंबलांची पिशवी तुमच्या खुर्चीमागे, पडद्याआड ठेवली. तुम्ही येऊन बसलात. पेपर उघडलात. सई शाळेतून आली आणि दारातच नाक धरून ओरडली, "आजी, इट स्टिंक्स! समथिंग इज डेड!" तुम्ही पान उलटलंत. तास झाला, दीड तास झाला. मला हायसं वाटलं, खरंच सांगते. आपण उगाच एका आजारी माणसावर संशय घेतला. चहा द्यायला वाकले तर तुमच्या मिशीला बामाचा वास. नाकाखाली बोटभर बाम चोपडलेला. सर्दी नव्हती, डोकं दुखत नव्हतं.

"बाम कशाला?" मी विचारलं.

"एसी लागतो हो."

दोन दिवस मी कुढले. गुरुवारी तुम्ही बाहेरून येऊन एक बाटली पिठाच्या डब्यामागे ठेवत होता, तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "मला मान नको. एकदा खोटी जर नेसले, पुन्हा नेसणार नाही. तुम्हाला वास येतो की नाही, सरळ सांगा."

या वेळी तुम्ही हसला नाहीत. बाटली उभी ठेवलीत, कपाट लावलंत आणि म्हणालात, "शनिवारी सांगतो, विहीणबाई. आधी ही बाटली चाखा."

"मी नाही चाखणार. खलास."

शुक्रवारी मी तुमच्याशी बोलले नाही. चहा टेबलावर ठेवला, कप वाजवून. शनिवारी सकाळी दाढी करून तुम्ही खुर्चीत बसलात ते बसलातच. अकरा वाजायचे होते. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. तुम्हाला नसेल झाला. मला विचारा.

मी रडले नाही. लोक कुजबुजले असतील, कुजबुजोत. मला दुःखापेक्षा राग जास्त होता. सांगतो म्हणालात आणि सांगितलं नाहीत. ती बाटली कपाटात तशीच. मागच्या शनिवारी अकरा वाजता मी कपाट उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावलं.

दहाव्या दिवशी भेटायला एक माणूस आला. पन्नाशीचा, वसईचा, नाव ऑस्कर. तुमच्या हाताखाली वेटर म्हणून लागला आणि आता कुठल्याशा हॉटेलात मॅनेजर आहे. केतकीशी बोलला, फोटोला हात जोडले, आणि मी पाणी घेऊन गेले तर एकदम उभाच राहिला.

"तुम्हीच का विहीणबाई?"

"कोणी सांगितलं?"

"काय बोलता! दर शनिवारी सरांच्या तोंडी तुम्हीच. आमचा अख्खा ग्रुप तुम्हाला ओळखतो, फक्त फेस बघितला नव्हता."

मला काही कळेना. तुम्ही मला सांगितलं होतं, कोणाला कळता कामा नये, नाही तर मंडळी हसतील. माझे शब्द तुम्ही तुमचे म्हणून सांगत असाल, अशी माझी समजूत. मी त्याला बसवलं. विचारलं, "त्यांना वास यायचा?"

"तापानंतर महिनाभर गेला होता. मग आला की परत. फर्स्ट क्लास."

महिनाभर! आणि मी दोन वर्षं नाक घासत होते. माझा चेहरा बघून तो घाबरला. "आंटी, मी काय राँग बोललो काय?"

"नाही. पुढे बोल. तिथे काय करायचे ते?"

"पहिलं स्वतःचं सांगायचे. मला चेरी लागते, व्हॅनिला लागतो, असं. मग खिशातून कागद काढायचे. म्हणायचे, हे झालं माझं हॉटेलचं नाक, आता खरं नाक ऐका. विहीणबाई म्हणतात भाजलेलं खोबरं आणि ओला पाटा. आम्ही परत नाक घालायचो आणि, माय गॉड, पाटाच! माझ्या आवयचा पाटा! सर स्वतःची लाइन खोडायचे. मी एकदा विचारलं, सर, त्यांना सांगून का टाकत नाही? म्हणाले, शिकायला बस म्हटलं तर त्या बसणार नाहीत. कोणाचं अडलंय म्हटलं तर उठतील."

मी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. पण संशय इतक्या लवकर जात नाही. मेलेल्या माणसाबद्दल सगळे गोड बोलतात. मी म्हटलं, "प्रत्येक वेळी माझंच बरोबर असायचं का?"

ऑस्कर हसायला लागला. "नाही ओ! एकदा जाम भांडले होते तुमच्याशी. तुम्ही घरी आणि ते तिकडे, कागदाशी भांडत होते. तुम्ही दालचिनी सांगितली होती एका शिराझमध्ये. सर बोलले, आज विहीणबाई चुकल्या, ही लवंग आहे. आम्ही बोललो, सर, जाऊ दे. ते बोलले, जाऊ दे काय? चुकल्या म्हणजे चुकल्या, एवढं नाक असून लवंगेला दालचिनी म्हणतात म्हणजे काय!"

"दालचिनीच होती," मी म्हटलं.

"मग बघा ना. जायच्या दोन दिवस आधी तीच वाइन त्यांनी माझ्याकडून परत मागून नेली. बोलले, एक भांडण बाकी आहे, समोरासमोर करायचंय."

तो गेल्यावर मी तुमच्या खुर्चीत बसले. पहिल्यांदाच. बसून नीट विचार केला, कारण मला पटायला वेळ लागतो.

मान माणूस तोंडावर देतो, चार लोकांत, विहिणीला दिसेल असा. जिथे विहीण नाही, जिथे ती कधी यायची नाही, तिथे कोणी तिला मान देत बसत नाही. आणि मान देणारा चूक काढत नाही. मानाची साडी देणारा असं म्हणत नाही की विहीणबाई, तुम्हाला हा रंग शोभत नाही. तुम्ही माझ्या पाठीमागे माझं नाव सांगितलंत आणि माझ्या पाठीमागेच माझ्यावर चिडलात. एवढं चिडायला समोरच्याला काहीतरी समजतं, असं आधी वाटावं लागतं.

तुम्ही खोटं बोललात, हे मात्र खरं. तेवीस महिने. बोंबलाशेजारी दीड तास बसलात. ते मी विसरणार नाही.

आज सकाळी दहा वाजता मी ती बाटली उघडली. सुधीर म्हणाला, "आई, मी उघडून देऊ?" मी म्हटलं, मला येतं. वाइन काचेच्या जगमध्ये ओतली आणि तासभर लांब जाऊन बसले. आज उपास, तोंड कोरं. तुमच्या सहा ग्लासांतले दोन काढले. पांढऱ्या पंच्यापुढे धरली, कडेला जांभळी. तरुण आहे. फिरवली. नाक घातलं आणि घाई केली नाही.

आधी काळी मिरी. मग जांभूळ. मग ती आली, गोडसर आणि गरम, आणि मी म्हणणार होते बघा, दालचिनी. पण मी थांबले. दालचिनी नाकात शिरून तिथेच बसते, पसरत नाही. ही नाकातून मागे घशाकडे गेली आणि दाढेशी जाऊन बधिर करायला लागली. दाढ दुखली की आपण दाढेखाली धरतो, तीच. घोट घेतला, घोळवला, शिकवल्याप्रमाणे वाडग्यात थुंकला. पुन्हा घेतला. दुसऱ्यांदाही तेच.

लवंग आहे, व्याहीबुवा.

मी चुकले होते, आणि तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. घरी येऊन तोंडावर सांगितलं नाहीत, एवढा एकच खोटा मान तुम्ही मला दिलात. तो मी परत करते.